मेंदूचं रक्ताभिसरण वाढवणाऱ्या गोळ्या : फायदा किती, धोका किती



"मेंदूचा रक्तपुरवठा वाढवतं", "स्मरणशक्तीसाठी", "उतारवयात तल्लख राहा" अशा मजकुराच्या बाटल्या आता सगळीकडे दिसतात. मस्कतमध्ये मी लेकीकडे असते तिथे, कुरुमच्या फार्मसीत, त्यांच्यासाठी वेगळा कप्पाच असतो. मुंबई-ठाण्याच्या केमिस्टकडे त्या आहेत आणि इस्रायलमधल्या आपल्या नातेवाइकांच्या स्वयंपाकघरातही आहेत. पुष्कळदा त्या आपण विकत घेतलेल्या नसतात. मुलगा गल्फमधून येताना आणतो, नात अमेरिकेहून पाठवते. प्रेमाने आणलेली वस्तू, म्हणून ती आपण खातो. आणि ती "औषध" वाटत नाही, म्हणून डॉक्टरांनी "काय काय चालू आहे?" असं विचारलं की बीपीची, साखरेची, कोलेस्टेरॉलची गोळी सांगतो, पण ही बाटली सांगायची राहते.

मला खरी काळजी या न सांगण्याची आहे. या गोळ्यांपैकी बऱ्याच एकट्या घेतल्या तर फारसं काही बिघडवत नाहीत. पण आपल्या वयात एकटी गोळी असते कोणाची?

मेंदूला रक्त कमी पडतं म्हणजे काय

आपल्या शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा साधारण दोन टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी वीस टक्के तो एकटाच वापरतो. मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त त्याच्यातून वाहतं. एवढं महत्त्वाचं अवयव असल्यामुळे निसर्गाने त्याची सोयही पक्की केली आहे. बीपी थोडं वर गेलं की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, खाली आलं की रुंदावतात, आणि पुरवठा जवळजवळ सारखा ठेवतात. त्यामुळे नळ मोठा सोडावा तसा मेंदूचा रक्तपुरवठा गोळीने वाढवता येत नाही.

म्हातारपणी बिघाड होतो तो या रक्तवाहिन्यांतच. वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी, साखर, तंबाखू यांनी मेंदूतल्या बारीक वाहिन्या जाड आणि कडक होतात. कुठे गुठळी अडकते, कुठे वाहिनी फुटते. बाटलीवर "रक्ताभिसरण" लिहिलेलं असतं तेव्हा त्यातल्या वस्तू साधारण दोन गोष्टी करतात: एक तर रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकांना चिकटण्याचं प्रमाण कमी करतात, किंवा वाहिन्या थोड्या सैल करून बीपी उतरवतात. म्हणजे ज्या कामासाठी डॉक्टरांनी आधीच ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन किंवा बीपीची गोळी दिलेली आहे, तेच काम, पण मोजमाप न करता.

जिंको

यातलं सगळ्यात प्रसिद्ध नाव जिंको बिलोबा. चीनमधलं हे फार प्राचीन जातीचं झाड, पंख्यासारखी पानं. त्या पानांचा अर्क गोळ्यांत असतो.

जिंकोची परीक्षा नीट झालेली आहे, ही चांगली गोष्ट. अमेरिकेत ३,०६९ वृद्धांवर, सगळे ७५ किंवा त्याहून मोठे, एक प्रयोग झाला. निम्म्यांना जिंको १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि निम्म्यांना हुबेहूब दिसणारी, औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. सरासरी सहा वर्षं हे चाललं. २००८ साली निकाल आला: जिंकोवाल्यांत २७७ जणांना स्मृतिभ्रंश झाला, खोट्या गोळीवाल्यांत २४६ जणांना. म्हणजे उपयोग काही नाही. फ्रान्समध्येही सत्तरीपुढच्या अठ्ठावीसशेहून अधिक लोकांवर पाच वर्षांचा असाच प्रयोग झाला, २०१२ साली तोही त्याच निष्कर्षाला आला.

तरी जिंको सरसकट टाकाऊ म्हणणं बरोबर नाही. ज्यांना सौम्य स्मृतिभ्रंश आधीच झाला आहे त्यांच्यासाठी रोज २४० मिलिग्रॅम प्रमाणित अर्क युरोपच्या औषध नियामकांनी मान्य केलेला आहे आणि जर्मनीत डॉक्टर तो देतात. फायदा थोडा आहे, सगळ्यांना होत नाही. पण तो डॉक्टरांनी निदान करून, ठराविक अर्क ठराविक मात्रेत दिलेला असतो. "आजार होऊ नये म्हणून" धडधाकट माणसाने वर्षानुवर्षं खाण्याला मात्र आधार नाही, आणि आपल्या घरांत ते नेमकं तसंच खाल्लं जातं.

आता धोका. एकट्या जिंकोने रक्तस्राव वाढतो असं या मोठ्या प्रयोगांत ठामपणे दिसलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ॲस्पिरिनबरोबर जिंको घेणाऱ्या वृद्धाच्या डोळ्यात रक्त उतरल्याची नोंद आहे, जिंको घेणाऱ्यांच्या मेंदूवर रक्त साचल्याच्या नोंदी आहेत, आणि अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या तेव्हा वॉरफेरिनबरोबर जिंको घेणाऱ्यांत रक्तस्राव जास्त आढळला. फिट येणाऱ्या माणसाने तर जिंको घेऊच नये.

नोकरीत असताना आमच्या वॉर्डात सत्तरीच्या एक बाई आल्या होत्या. मुलगा सांगत होता, "सिस्टर, आईला दोन आठवडे झाले काही आठवत नाही, म्हणून आम्ही स्मरणशक्तीच्या गोळ्या सुरू केल्या." ॲस्पिरिन चालूच होतं. विचारता विचारता कळलं की महिन्याभरापूर्वी बाई न्हाणीघरात घसरल्या होत्या, डोकं नळावर आपटलं होतं, टेंगूळ आलं आणि गेलं. सीटी स्कॅन काढला तर कवटीच्या आत मेंदूवर रक्त साचलेलं. विसरणं त्यामुळे होतं. शस्त्रक्रिया झाली आणि बाई बोलत-चालत घरी गेल्या. गोळ्यांमुळे रक्त साचलं असं मी म्हणत नाही, ते कोणी सांगू शकणार नाही. पण मेंदूवर रक्त साचत असताना घरचे रक्त आणखी पातळ करणारी वस्तू भरवत होते, एवढं खरं. म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे कवटी आणि मेंदू यांमधल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात आणि साध्या धक्क्यानेही फाटतात. रक्त हळूहळू झिरपतं. पडल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी कोणी गोंधळायला लागलं, डोकं दुखायला लागलं, चालताना एका बाजूला झुकायला लागलं तर आधी स्कॅन. बाटली नाही.

ॲस्पिरिनचंच उदाहरण घ्या

कोणी म्हणेल, रक्त पातळ राहिलं तर गुठळी होणार नाही, गुठळी नाही तर मेंदू चांगला राहील, हिशेब सोपा आहे. हा हिशेब खुद्द ॲस्पिरिनवर तपासून झाला आहे. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९,११४ निरोगी वृद्धांवर, बहुतेक सत्तरीपुढचे, रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन पाहिलं. २०१८ साली निकाल आला. स्मृतिभ्रंश काही कमी झाला नाही. गंभीर रक्तस्राव मात्र ॲस्पिरिनवाल्यांत ३.८ टक्के, बाकीच्यांत २.८ टक्के.

ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, स्टेंट घातला आहे, किंवा गुठळीमुळे पक्षाघात झाला आहे, त्यांनी हे वाचून ॲस्पिरिन बंद करू नये. त्यांचा हिशेब वेगळा आहे, त्यांना फायदा धोक्याहून मोठा आहे. मुद्दा एवढाच की मोजूनमापून केलेलं, शंभर वर्षांहून अधिक ओळखीचं औषधही निरोगी म्हाताऱ्या माणसाचा मेंदू राखू शकलं नाही.

बाकीच्या बाटल्या

विनपोसेटीन. एका विलायती वेलीतल्या द्रव्यापासून हे तयार करतात. ती वेल आपल्या सदाफुलीची लांबची बहीण. हंगेरीत हे औषध निघालं आणि काही देशांत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. आपल्याकडेही डॉक्टर कधीकधी देतात. स्मृतिभ्रंशावर याचा उपयोग होतो हे पक्कं सिद्ध झालेलं नाही. बीपी उतरवू शकतं. आणि घरात गरोदर सून किंवा नात असेल तर ही बाटली तिच्या हाताला लागू देऊ नका: याने गर्भपात होऊ शकतो किंवा गर्भाला अपाय होऊ शकतो असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये दिला.

ई जीवनसत्त्व. ती हिरवी कॅप्सूल, जी फोडून बायका तोंडाला आणि केसांनाही लावतात. लावायला हरकत नाही. पण रोज खायला? अमेरिकेतल्या साडेचौदा हजार पुरुष डॉक्टरांनी स्वतःवरच प्रयोग करून घेतला, दिवसाआड ४०० युनिट. मेंदूतल्या रक्तस्रावाने होणारा पक्षाघात ई घेणाऱ्यांत ३९ जणांना झाला, न घेणाऱ्यांत २३ जणांना. आकडे लहान आहेत, पण ज्या गोळीने फायदा दिसला नाही तिच्यासाठी हाही धोका का घ्यायचा?

माशाचं तेल. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खाणारा माणूस कॅप्सूलची गरज न ठेवणारा माणूस. मस्कतला सुरमई छान मिळते, इथे तिला कनाद म्हणतात. कॅप्सूलने स्मरणशक्ती वाढते असं मोठ्या प्रयोगांत दिसलेलं नाही, आणि जास्त मात्रेत रोज घेतल्यास हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण वाढतं.

लसूण भाजीत, चटणीत हवी तेवढी खा. लसणाच्या अर्काची कॅप्सूल ही वेगळी गोष्ट, ती प्लेटलेट्सवर परिणाम करते. जपानी नॅटोकायनेज हल्ली गल्फमध्ये खूप दिसतं. गुठळी विरघळवतं म्हणून विकतात. रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि आर्जिनिन, "नायट्रिक ऑक्साइड वाढवतं" असं लिहिलेलं: हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना ते देऊन पाहिलं तेव्हा घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले म्हणून प्रयोग अर्ध्यावर थांबवावा लागला.

ब्राह्मीबद्दल पुष्कळ जण विचारतात. लहान लहान प्रयोगांत आठवणीला थोडा फायदा दिसला आहे. पोट बिघडणं, मळमळ हे त्रास होतात. गोंधळ असा की आपल्याकडे ब्राह्मी या नावाने दोन निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात, दुसरी मंडूकपर्णी. बाटलीत कोणती हे पाहून घ्यावं. आणि नाव नसलेल्या पुड्या, भस्म घातलेल्या गोळ्या नकोतच. २००४ साली अमेरिकेत बॉस्टनच्या दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं घेऊन तपासली, तर १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिसं मेंदूचंच विष आहे.

इथला लोबान

कुरुममध्ये राहायला आल्यावर शेजारची ओमानी आजी पहिल्यांदा काय आणून देते, तर लोबानाचं पाणी. ढोफारच्या डोंगरांतल्या झाडांचा हा डिंक. त्यातला हिरवट, स्वच्छ तो होजरी, सगळ्यात उंची. रात्री चार खडे पाण्यात टाकतात, सकाळी दुधट पाणी पितात. पोटासाठी, खोकल्यासाठी, आणि हो, विसरू नये म्हणून. आपल्या तोरातही मिश्कानच्या धूपासाठी सांगितलेल्या द्रव्यांत लोबान आहे (शेमोथ, अध्याय ३०). पण तो जाळायला सांगितला आहे, गोळीसारखा गिळायला नाही, एवढं मी गमतीने आमच्या मंडळींना सांगते.

स्मरणशक्तीसाठी लोबानावर मोठा भरवशाचा प्रयोग झालेला नाही. मान राखून घोटभर पाणी प्यायलं तर काही होत नाही. मात्र याच जातीच्या झाडाचा अर्क, ज्याला आपण शल्लकी किंवा सालई म्हणतो आणि गुडघ्यांसाठी गोळ्यांत खातो, त्याने वॉरफेरिन घेणाऱ्यांचा आयएनआर वाढल्याच्या नोंदी आहेत. आयएनआर साधारण २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो. तो वर गेला की नाकातून, लघवीतून, पोटात कुठेही रक्त जाऊ शकतं. तेव्हा वॉरफेरिनवाल्यांनी लोबान आणि शल्लकी दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

कलौंजीचंही तसंच. इथे तिला हब्बा सौदा म्हणतात आणि तेल चमचाचमचाने पितात. साखर आणि बीपी दोन्ही थोडं उतरवते. डायबिटीसच्या गोळ्या चालू असताना भर पडली तर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येते. आणि चक्कर म्हणजे पुन्हा न्हाणीघर.

मग विसरायला होतं त्याचं काय करायचं

आधी कारण शोधायचं. विसरण्याची काही कारणं अशी आहेत की ती सापडली तर माणूस सुधारतो, आणि ती बाटलीमागे दडून राहतात. बी-१२ कमी असणं हे त्यातलं पहिलं. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे, ॲसिडिटीची गोळी रोज घेणारे, मांसाहार न करणारे यांच्यात ते कमी होतं. आपल्यापैकी जे कोशेर मांस मिळत नाही अशा गावी राहतात आणि वरण-भातावर भागवतात त्यांनी तर एकदा रक्त तपासूनच घ्यावं. कमी असेल तर इंजेक्शन किंवा गोळी, आणि तीही स्वस्त. त्याखालोखाल थायरॉईड. मग झोपेच्या गोळ्या, काही सर्दीच्या आणि लघवीच्या गोळ्या, यांनीही डोकं मंद होतं. जोडीदार गेल्यावर येणारी उदासी तर हुबेहूब विसराळूपणासारखी दिसते.

आणि कान. ऐकू कमी येतं म्हणून माणूस गप्पांतून मागे सरतो, तफिलाला गेला तरी कोपऱ्यात बसतो. जगभरच्या तज्ज्ञांच्या एका गटाने २०२४ साली 'लॅन्सेट'मध्ये सांगितलं की स्मृतिभ्रंशाची साधारण ४५ टक्के प्रकरणं टाळण्याजोग्या १४ कारणांशी जोडलेली आहेत. त्यात बहिरेपणा आहे, बीपी आहे, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, दारू, एकटेपणा, हालचाल नसणं, डोळ्यांना न दिसणं आहे. जिंकोची गोळी न खाणं हे त्या यादीत नाही.

रक्ताभिसरणासाठी ज्याचा पुरावा सगळ्यात भक्कम तो उपाय म्हणजे बीपी ताब्यात ठेवणं. अमेरिकेत ९,३६१ लोकांवर झालेल्या प्रयोगात वरचं बीपी १२० च्या खाली ठेवलेल्यांत स्मृतीच्या सुरुवातीच्या तक्रारी १४० च्या आत ठेवलेल्यांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणून स्वतःच गोळी वाढवू नका. उठताना चक्कर येणाऱ्याला १२० सोसत नाही, त्याचा आकडा डॉक्टर ठरवतील. बीपीची दहा रुपयांची गोळी विसरायची आणि दोन हजारांची बाटली न चुकता घ्यायची, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता बोलायची सवयच झाली.

चालणंही रक्ताभिसरणच आहे. कुरुमच्या समुद्रकिनाऱ्यावर संध्याकाळी आमच्या वयाची माणसं हळूहळू चालत असतात, आपल्या मरीन ड्राइव्हसारखीच. उन्हाळ्यात मात्र सूर्य बुडाल्याशिवाय नाही, आणि पाणी बरोबर घेऊन. इथल्या उन्हात पाणी आणि मीठ कमी पडून म्हातारी माणसं एका दिवसात बडबडायला लागतात. एक-दोन दिवसांत अचानक आलेला गोंधळ म्हणजे पाणी कमी, सोडियम कमी, लघवीचा संसर्ग किंवा छातीचा. त्याला हॉस्पिटल.

आणि तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, जीभ जड झाली, तर घड्याळ बघा आणि ताबडतोब फोन करा. ओमानमध्ये ९९९९, भारतात १०८ किंवा ११२, इस्रायलमध्ये १०१. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तोवर ॲस्पिरिन, जिंको, मध, लोबान काहीही तोंडात घालू नका. पक्षाघात गुठळीचा की रक्तस्रावाचा हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि घास घशात अडकतो तो वेगळाच.

ज्यांना तरी घ्यायचीच आहे

पुष्कळांना सगळं ऐकूनही घ्यायची असते. मुलाने आणली आहे, टाकवत नाही. त्यांनी एवढं पाहावं.

रक्त पातळ करणारं कोणतंही औषध चालू असेल, फिट येत असतील, पूर्वी मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव झाला असेल, गेल्या महिन्यात पडला असाल, तर घेऊच नका. बाकीच्यांनी बाटली घेऊन डॉक्टरांकडे जावं, नाव सांगून नव्हे. नावं एकसारखी असतात, आणि बारीक अक्षरांत आत काय आहे ते त्यांना वाचू दे. भारतात अशा बाटल्यांवर "औषधी वापरासाठी नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापलेली असते. ती छापणं कायद्याने लागतं, पण अक्षर इतकं लहान की आपल्या चष्म्याला सापडत नाही. एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करा, म्हणजे त्रास झाला तर कशाने ते कळेल. तीन महिन्यांत घरच्यांना (तुम्हाला नव्हे) काही फरक दिसला नाही तर बंद करा. अंगावर विनाकारण निळे डाग, हिरड्यांतून रक्त, काळं शौच दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

शस्त्रक्रिया ठरली, दात काढायचा असला, तर या बाटल्या साधारण दोन आठवडे आधी थांबवतात. डॉक्टरांनी दिलेलं ॲस्पिरिन किंवा वॉरफेरिन मात्र आपल्या मनाने थांबवायचं नाही, ते कधी आणि किती दिवस हे तेच सांगतील.

कश्रुथ पाळणाऱ्यांसाठी एक. मऊ कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं. ओमानमध्ये ते हलाल असेल, तरी त्याने कोशेर होत नाही. क्रिल ऑइल हे कोळंबीसारख्या जिवाचं तेल, ते तर आपल्याला चालतच नाही. भारतात डब्यावर हिरवी खूण पाहून घ्यावी. औषध म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कॅप्सूलबद्दल शंका असेल तर आपल्या हजानना विचारा, पण विचारून होईपर्यंत औषध बंद ठेवू नका.